पहिली फेरी कोणावर घालवावी

रविवार, २९ ऑक्टोबर

यंदापासून डायरी लिहायची असं ठरवलं आहे. कारणं दोन. एक म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून संध्याकाळी मला पाय वर करून बसावं लागतं, आणि मी नुसता बसलेला माझ्या बायकोला, वर्नाला, बघवत नाही. दुसरं म्हणजे माझ्यामागून जो कोणी कर्णधार होईल त्याला माझ्या अनुभवाचा फायदा व्हावा. गावाचं एवढं तरी देणं मी लागतो.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी शाळेमागच्या मैदानात जी आपल्या अमेरिकन फुटबॉलची मॅच होते, तिचा मी एकोणीस वर्षं कर्णधार आहे. कर्णधार आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, दोन्ही. समोरचा कर्णधार लेस्टर पावलाक, गुराढोरांच्या खाद्याचा व्यापारी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. सात-सात माणसांचा संघ. कोणी कोणाला पाडायचं नाही. चेंडूवाल्याला दोन्ही हातांनी शिवलं की झालं. जिंकणाऱ्याला दुधाची एक जुनी, पोचे आलेली कॅन वर्षभर मिरवायला मिळते. माझ्या केस कापायच्या दुकानात आरशाशेजारी तिच्यासाठी एक उंच स्टूल मांडून ठेवलेलं आहे. गेली आठ वर्षं त्यावर मांजर बसतं.

खेळाडूंची निवड पुढच्या रविवारी बर्नडीनच्या बारमध्ये. एकदा मी, एकदा पावलाक, अशा सहा फेऱ्या. आदल्या वर्षी हरलेल्याची निवड पहिली, मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये असते तशीच. त्यामुळे आठ वर्षं पहिली निवड माझीच आहे. माझ्याइतका पहिल्या फेरीचा अनुभव विस्कॉन्सिनमध्ये क्वचितच कोणाला असेल.

यंदा जिंकायचं, कॅन स्टुलावर ठेवायची आणि निवृत्त व्हायचं. चौसष्टाव्या वर्षी हे शोभून दिसतं. वर्नाला सांगितलं तर म्हणाली, "मांजराला विचारलंस का?"

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

दुकानात दिवसभर तोच वाद. पहिल्या फेरीत झेलणारा घ्यावा की फळीतला? फळीतले म्हणजे ते रुंद लोक, जे क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहतात आणि समोरच्यांना आत येऊ देत नाहीत. एप्रिलमध्ये मोठ्या लीगची निवड असते तेव्हाही हाच वाद होतो, आणि गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनिशी खुर्चीतून उठून भांडतं.

माझं मत पक्कं आहे. लांबवर धावून चेंडू झेलणारा माणूस दुर्मीळ असतो. पुढे उभं राहणारी माणसं कुठेही मिळतात. उभं राहायला काय लागतं?

म्हातारा आल्विन क्रेस वय अठ्ठ्याऐंशी, डोक्यावर मोजून मूठभर केस, तरी रोज येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो. तो म्हणाला, "पावलाक दरवर्षी फळी आधी घेतो."

"घेतो ना."

"आणि दरवर्षी जिंकतो."

"आल्विन, तुम्हाला खेळातलं बारीक कळत नाही," मी म्हटलं. "त्याचं नशीब चांगलं आहे."

गुरुवार, २ नोव्हेंबर

वर्नाने स्वतःसाठी खिळ्यांचे नवे बूट आणले. ती शाळेची बस चालवते. पायऱ्यांवर बर्फ साचायला लागेल म्हणून घेतले असणार. तिची दूरदृष्टी मला नेहमीच आवडते.

जेवताना म्हणाली, "पहिल्या फेरीत कोणाला घेणारेस?"

मला बरं वाटलं. सहसा ती या विषयात रस दाखवत नाही. मी सांगितलं, डीन हॉलक्विस्ट. टपाल वाटणारा पोरगा, कुत्र्यांपासून पळून पळून काय वेग कमावलाय त्याने!

"फळीतलं कोणी का नाही घेत? मधला खेळाडू, समजा. चेंडू पायांमधून मागे देणारा. प्रत्येक डाव तिथूनच सुरू होतो की."

"अगं, मधली जागा तर तुझीच आहे."

"हं," ती म्हणाली आणि माझ्या ताटातला शेवटचा बटाटा उचलून खाल्ला.

शनिवार, ४ नोव्हेंबर

दुकान बंद करत होतो तेवढ्यात वर्ना आत आली आणि सरळ खुर्चीत बसली. "केस काप. नीट. उद्या चार लोकांत बसायचंय."

मी म्हटलं, उद्या नुसती निवड आहे, मॅच तेवीस तारखेला. ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू काप."

मी कापले. कापता कापता तिला डीनचं महत्त्व अगदी मुळापासून समजावून सांगितलं. फेरीचा हिशेबही सांगितला: जी वस्तू शेवटी मिळणारच आहे तिच्यावर पहिली फेरी घालवणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. अर्धा तास ती एक अक्षर बोलली नाही. पटलं असावं. केस झकास झाले आहेत.

रविवार, ५ नोव्हेंबर

घरी आल्या आल्या लिहितोय.

बर्नडीनचा बार खच्चून भरला होता. एकेका नावाची निवड झाली की बर्नडीन गाईच्या गळ्यातली घंटा वाजवते, मग तो माणूस उठून आपल्या कर्णधाराच्या टेबलावर जातो आणि कर्णधार त्याला ब्रँडी पाजतो. वर्ना दरवर्षी आत, बर्नडीनच्या स्वयंपाकघरात मासे तळायला मदत करते. सहाव्या फेरीपर्यंत लोक जेवायला बसलेले असतात, घंटाबिंटा कोण वाजवत बसणार! "आणि राहिली ती वर्ना एमेटकडे," म्हणजे माझ्याकडे, असं बर्नडीन लिहून टाकते. ब्रँडीचाही प्रश्न येत नाही, कारण गाडी वर्नालाच चालवायची असते.

यंदा मात्र ती बाहेर, पहिल्या टेबलावर बसली होती. निळा स्वेटर. मला वाटलं, आत गर्दी झाली असेल.

मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हटलं, "डीन हॉलक्विस्ट!" घंटा वाजली. डीन आला, त्याने ब्रँडी एका दमात संपवली.

पावलाक उठला. त्याला उठायला वेळ लागतो, तो फ्रीजएवढा आहे. म्हणाला, "वर्ना टॉलेफसन."

मी हसलो. सगळे हसतील अशी माझी अपेक्षा होती. कोणीच हसलं नाही. बर्नडीन हातात घंटा धरून तशीच उभी राहिली.

"लेस्टर," मी म्हटलं, "वर्ना माझी आहे."

"नियमात कुठे लिहिलंय?" पावलाक म्हणाला. "बर्नडीन, वाजव की."

बर्नडीनने अशी काही घंटा वाजवली की मागच्या खोलीतला कुत्रा भुंकायला लागला. वर्ना उठली. तिचे गाल लाल झाले होते. रागाने, माझी खात्री आहे. लोक टाळ्या वाजवायला लागले, डीनला एवढ्या वाजल्या नव्हत्या. ती चालत पावलाकच्या टेबलापाशी गेली आणि तिने ब्रँडीचा पेला दोन्ही हातांत धरला. प्यायली नाही लगेच. नुसता धरून बसली.

त्यानंतर मी कोणाकोणाला घेतलं ते नीट आठवत नाही. शेवटी बघतो तर माझ्याकडे चार झेलणारे, आणि फळीत शाळेतले संगीताचे मास्तर हॉलिस.

परत येताना गाडी मीच चालवली, दुखऱ्या पायाने. म्हटलं, "वर्ना, हे काय चाललंय?"

"काय चाललंय? निवड झाली माझी. घंटा वाजली, ऐकलीस ना?"

"अगं पण तू तर माझीच असतेस! शेवटच्या फेरीत जे मिळतंच, त्यावर पहिली फेरी कुठला शहाणा कर्णधार घालवेल?"

"गाडी थांबव," ती म्हणाली. पुलावर मधोमध थांबवली. "एमेट, दरवर्षी आपल्याकडे निवडायची माणसं बारा. बर्नडीन नावं पुकारते अकरा. कधी लक्षात आलंय तुझ्या?"

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "वेळ वाचतो तेवढाच."

पुढचा सगळा रस्ता तिने रेडिओ मोठा करून पोल्का नाचाची गाणी ऐकली. एवढं चिडण्यासारखं मी काय बोललो ते अजून कळलेलं नाही. खेळाच्या दृष्टीने माझं म्हणणं बिनचूक आहे.

सोमवार, ६ नोव्हेंबर

वर्नाने सकाळी पॅनकेक केले. स्वतःपुरते.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

पावलाक केस कापायला आला. हिंमत बघा. मी वस्तरा जरा जास्तच वेळ चामड्यावर घासला.

"लेका, माझ्यावर सूड उगवायला घेतलीस ना तिला?" मी विचारलं.

"सूड कशाचा? गावातली सगळ्यात चांगली मधली खेळाडू आहे ती. मला बारा वर्षांपूर्वीच घ्यायची होती. पण तू शेवटी घेतोस, मग मला वाटायचं, नवरा-बायकोचं काहीतरी ठरलं असेल."

"मग यंदा काय झालं?"

"यंदा मी तिला विचारलं. ठरलंय का काही म्हणून. बस थांबली होती माझ्या दुकानासमोर, पोरं उतरत होती. ती म्हणाली, नाही, ठरलेलं काही नाही." पावलाकने आरशात माझ्याकडे पाहिलं. "एमेट, सत्त्याहत्तर साली आपल्या शाळेने जिल्हा जिंकला, आठवतं? पेपरात फोटो आला होता. तू चेंडू फेकतोयस."

"तो फोटो अजून आहे माझ्याकडे. भिंतीवर."

"तुझ्या पुढे एक पाठ दिसते बघ त्यात. ती माझी आहे."

भिंतीकडे बघितलं. शेहेचाळीस वर्षं तो फोटो रोज समोर आहे. खरंच एक पाठ आहे. मला कुंपण वाटायचं.

रविवार, १२ नोव्हेंबर

पहिला सराव. नियम माहीत असावा म्हणून लिहून ठेवतो: मधला खेळाडू चेंडू मागे देतो, मग समोरच्या संघातला एक जण मोठ्यांदा "एक मिसिसिपी, दोन मिसिसिपी, तीन मिसिसिपी" असे तीन सेकंद मोजतो, आणि मोजून झालं की सगळे आत घुसतात. तेवढ्यात फेकायचं, नाहीतर फळीच्या आडोशाने आणखी थोडा वेळ काढायचा.

हॉलिस मास्तरांचा पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. दुसरा ऑपरेशनच्या गुडघ्यावर. तिसरा हातात आला, पण शिवण भलत्याच बाजूला. फेकला तर तो लंगड्या बदकासारखा फडफडत खाली पडला.

मी म्हटलं, "मास्तर, शिवण वर येऊ द्या. बोटांखाली."

"ती कशी येईल? मी तर उलटा वाकलोय. कळणार कसं मला?"

मी म्हणणार होतो की चेंडू तसाच येत असतो. एकोणीस वर्षं प्रत्येक वेळी शिवण माझ्या बोटांखाली आली आहे. न बघता, थंडीत, बर्फात. मला वाटायचं चेंडू आपोआपच तसा वळतो.

आणखी एक. वर्नाला चेंडू देण्याआधी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची सवय आहे. "डावीकडून येतोय," "तो जाडा थकलाय," असं काहीबाही. मी तिला कितीदा म्हटलंय, खेळताना कुरकुर करू नकोस. आज सरावात डावीकडून कोण येतंय ते मला कोणी सांगितलं नाही. पाठीवर पडलो.

घरी आल्यावर वर्नाने गुडघ्यावर बर्फाची पिशवी दिली. फेकून नाही, हातात दिली. प्रगती आहे.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

आज मोठी खेळी केली. खाद्याच्या दुकानात जाऊन पावलाकला अदलाबदलीचा प्रस्ताव दिला: डीन घे, आणखी दोन झेलणारे घे, वर्षभर तुझे केस फुकट. बदल्यात वर्ना दे.

पावलाकने पोत्यावर बसून पाच मिनिटं विचार केल्यासारखं केलं. "मला चालेल. तिला विचार."

बस आगारात जाऊन विचारलं. ती बसची काच पुसत होती.

"तीन माणसं?" ती म्हणाली. "माझ्या बदली तीन?"

"तीन! डीनसकट!" मला वाटलं, आता तरी तिला माझ्या मनाचा मोठेपणा दिसेल.

"आणि हे पहिल्या फेरीनंतर नऊ दिवसांनी सुचलं तुला."

"हॉलिस मास्तरांनी मला आडवा पाडला गं. मला तुझी गरज आहे."

ती बराच वेळ काच पुसत राहिली. काच आधीच स्वच्छ होती. मग म्हणाली, "गरज आहे हे ऐकून बरं वाटलं. पण मला ज्याने नाव घेऊन निवडलं, मी यंदा त्याच्याकडून खेळणार. आणि एमेट, तुला मी मोज मोज मोजून शिवणार आहे."

बायकांचा तर्क मला कळत नाही. गरज आहे असं सांगितलं, तीन माणसं देऊ केली, आणखी काय सांगायचं असतं?

शनिवार, १८ नोव्हेंबर

हरणांच्या शिकारीचा हंगाम आजपासून. सरावाला मी आणि हॉलिस मास्तर दोघंच. बाकी सगळे जंगलात.

वर्ना पावलाकच्या कोठारात सराव करून आली. कपड्यांना गवताचा वास, केसात काड्या, आणि गुणगुणत होती. मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाली, "पावलाक प्रत्येक वेळी म्हणतो, छान दिलास, वर्ना." मग जरा थांबून म्हणाली, "अगदी प्रत्येक वेळी. शेवटी कंटाळा येतो."

तिने माझ्या सरावाचं विचारलं. मी म्हटलं उत्तम. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

रात्री झोप लागेना म्हणून एक जुनी गोष्ट आठवत पडलो. पहिल्या वर्षी आमच्याकडे मधला खेळाडूच नव्हता. वर्ना बाकावर कॉफी पीत बसली होती. मी हाक मारून म्हटलं, जरा उभी राहतेस का इथे? तिने कप खाली ठेवला आणि आली. मी तिला परत कधी विचारलंच नाही. ती येतच राहिली.

हे वाईट वाटण्यासारखं आहे. मला वाईट वाटलं.

बुधवार, २२ नोव्हेंबर

वर्नाने भोपळ्याचं गोड सारण भरलेले दोन 'पाय' भट्टीत भाजले. घरभर दालचिनीचा वास. म्हटलं, उद्या जिंकलो तर निवृत्त होणार, माहीत आहे ना?

"माहीत आहे. जिंक बाबा एकदाचा. त्या मांजराची दया येते मला."

"तू तर माझ्या विरुद्ध खेळतेयस!"

"मग? विरुद्ध खेळणाऱ्याने चांगलं चिंतू नये, असा नियम आहे का?"

पायचा करपलेला काठ तिने मोडून मला दिला. तो मला आवडतो, हे तिच्या लक्षात असतं. तिला पायमधलं काय आवडतं ते मला आठवेना. विचारलं. म्हणाली, "काठच."

गुरुवार, २३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

हे मी बसून, सावकाश, सगळं लिहिणार आहे.

आभाळ भरलेलं, जमीन टणक, अंगावर भुरभुरणारा बर्फ. आमचा संघ शिकारीच्या नारिंगी जाकिटांत. डीन उशिरा आला, थेट जंगलातून, बाहीला रक्त आणि गाडीच्या टपावर हरीण. धावायला मात्र तयार.

मॅच किती वाजता संपायची याला घड्याळ नाही. घराघरात टर्की भट्टीत असते. ती बघायला जायची वेळ झाली की बर्नडीन घंटा वाजवते, आणि मग शेवटचा एकच डाव.

वर्ना माझ्या समोर मधोमध उभी होती. मोजायचं काम पावलाकने तिच्याकडे दिलं होतं. नवे बूट घातले होते. मी बसच्या पायऱ्यांचं काय लिहिलं होतं ते आता खोडत नाही, राहू दे. ती ठणठणीत आवाजात, भराभर, अगदी प्रामाणिकपणे मोजायची आणि मास्तरांना बाजूला सारून माझ्यावर यायची. सकाळभरात तिने मला किती वेळा शिवलं हे लिहायची गरज नाही. प्रत्येक वेळी "लागलं नाही ना?" विचारायची.

तरीसुद्धा आम्ही टिकून राहिलो. डीन वाऱ्यासारखा पळत होता, आणि पावलाकची फळी भक्कम असली तरी झेलणाऱ्यांच्या हाताला लोणी लावल्यासारखं होतं. घंटा झाली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे, चेंडू आमच्याकडे. एक टचडाउन, म्हणजे सहा गुण, आणि कॅन माझी.

हॉलिस मास्तर वाकले. देव त्यांचं भलं करो, सगळ्या महिन्यात पहिल्यांदाच चेंडू सरळ हातात आला. शिवणसुद्धा जवळपास जागेवर.

"एक मिसिसिपी," वर्ना म्हणाली.

डीन कोपऱ्याकडे सुटला. त्याच्याजवळ कोणी नाही, दहा-दहा पावलांत कोणी नाही. दोन्ही हात हलवत होता. हा चेंडू मी झोपेतही फेकला असता. मला कॅन दिसली, स्टूल दिसलं, मांजर खाली उतरताना दिसलं.

आणि मग मला पुढचा नोव्हेंबर दिसला. मी जिंकलो तर पावलाक हरला. पावलाक हरला तर पहिली निवड पावलाकची. तो उठणार, त्याला वेळ लागणार, पण तो उठणार आणि म्हणणार, वर्ना टॉलेफसन. मी तेव्हा निवृत्त असलो तर बाकावर बसून ते ऐकणार. नसलो तरी ऐकणारच.

हरलो, तर पहिलं नाव मी घेणार.

मी चेंडू काखेत धरला.

"दोन," वर्ना म्हणाली. मग थांबली. "मिसि..." परत थांबली. धाप लागली असावी, सकाळभर पळत होती. "...सिपी."

डीन ओरडत होता, "फेक! एमेट, फेक!" पावलाक ओरडत होता, "मोज, वर्ना! मोज की!" हॉलिस मास्तर दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

वर्ना मोजेना. मान किंचित डीनच्या दिशेला कलती करून माझ्याकडे नुसती बघत होती. मी फेकेना. तिच्या केसांवर बर्फ साचत होता. मी कापलेले केस, कानापाशी एक बट लांब राहिली होती, तेव्हा बोलण्याच्या नादात सुटली असणार.

"ती—" वर्ना म्हणाली आणि तिला खोकला आला. बराच वेळ खोकली. कोपऱ्यातून डीन आणखी जोरात हात हलवायला लागला.

शेवटी मीच म्हणालो, "तीन मिसिसिपी."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. ती चालत आली, पळत नाही, आणि तिने दोन्ही तळहात माझ्या छातीवर ठेवले. लगेच काढले नाहीत.

"फेकला का नाहीस?" ती हळूच म्हणाली.

"डोळ्यांवर ऊन आलं."

तिने वर आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मूर्खा," ती म्हणाली, पण पॅनकेकवाल्या आवाजात नाही.

डीन माझ्याशी बोलत नाही. चालायचंच.

आल्विन दरवर्षीप्रमाणे आमच्याकडे जेवायला होता. टर्कीची तंगडी संपवून म्हणाला, "साठ वर्षं बघतोय मी ही मॅच. हरण्यासाठी दोन माणसं एकमेकांशी एवढी झटताना आज पहिल्यांदा पाहिली."

"दोन कुठली?" मी विचारलं.

वर्नाने त्याच्या ताटात घाईघाईने आणखी बटाटे वाढले. म्हातारा हल्ली काहीही बोलतो. पायचा काठ मी मोडून वर्नाला दिला. तिने त्यातला अर्धा मोडून परत माझ्या ताटात टाकला.

रविवार, ३ नोव्हेंबर

मधलं सगळं वर्ष डायरी स्टुलावर पडून होती आणि मांजर तिच्यावर झोपत होतं. पण आजचं लिहायला हवं.

परवा पावलाक केस कापायला आला होता. म्हणाला, "हे बघ, तुला सरळच सांगतो. यंदा मी वर्नाला घेणार नाही. शब्द देतो. तिला जे हवं होतं ते एकदा झालं, आणि डीन अजून पळतोय तसाच पळतोय. तू बिनधास्त पहिल्या फेरीत डीनला घे. वर्ना तुला शेवटीही मिळेल."

पावलाकने आयुष्यात कधी शब्द मोडलेला नाही.

काल संध्याकाळी वर्ना दुकानात येऊन खुर्चीत बसली. मी केस कापले. या वेळी बडबड केली नाही, नुसते कापले. कानापाशी नीट बघितलं.

आज बार तुडुंब. ती पहिल्या टेबलावर, निळा स्वेटर. डीन बाह्या सरसावून अर्धा उठूनच बसला होता. बर्नडीन म्हणाली, "एमेट, पहिली निवड."

मी उभा राहिलो. घसा खाकरला. म्हटलं, "वर्ना टॉलेफसन."

घंटा, कुत्रा, टाळ्या, सगळं एकदम. ती उठायला इतका वेळ लावत होती की मला वाटलं, नाही म्हणते की काय. मग आली, माझ्याशेजारी बसली, आणि मी दिलेली ब्रँडी तिने डीनलाही लाजवेल अशी एका दमात संपवली. "गाडी तू चालव," म्हणाली.

पावलाक टेबलावरून वाकून माझ्या कानात कुजबुजला, "अरे गाढवा, सांगितलं होतं ना तुला? सहाव्या फेरीत मिळाली असती."

"माहीत होतं," मी म्हटलं.

मग तो उठला आणि त्याने डीन हॉलक्विस्टला घेतलं. त्याच्याकडे आता फळीही आहे आणि डीनही. आमचं यंदा काही खरं नाही. म्हणजे पुढच्या वर्षीसुद्धा पहिली निवड माझीच.